करुणाचं लिमिट

करुणा गेल्याचा फोन आला तेव्हा बाजार चालू होता. दिग्रसहून तिचा भाऊ बोलत होता... सुट्टीवर गेलेली, साधा ताप, चार दिवसांत यवतमाळच्या दवाखान्यात संपलं. मी 'बरं' म्हणालो, फोन ठेवला आणि हातातला डॉलरचा सौदा पुरा केला. रडू आलं नाही. दीड महिना झाला, अजून आलेलं नाही.

आमच्या बँकेच्या मुंबईतल्या डीलिंग रूममध्ये, जिथं परकीय चलनाची खरेदी-विक्री चालते, ती सहा वर्षं माझ्या शेजारी बसली. मी यवतमाळचा, आपल्याकडची पोरगी म्हणून मीच तिला मागून घेतलं होतं. तिथली उतरंड साधी असते. वर मुख्य डीलर, खाली आम्ही चौघं, टोकाला दोन ज्युनिअर. ज्युनिअरनं फोन घ्यायचे, आमचे सौदे नोंदवायचे, समोरच्या बँकेकडून पक्के करून घ्यायचे. स्वतःच्या अकलेनं सौदा करायची परवानगी, म्हणजे लिमिट, मिळालं की माणूस डीलर झाला. नाही मिळालं तर टोकालाच केस पिकतात. आणि ते मिळतं शेजारच्या सीनिअरनं शिफारस लिहिली तरच.

करुणा भलती हुशार. एकदा घाईत मी विकायचं ते विकत घेऊन बसलो. तिनं गाजावाजा न करता चिठ्ठी सरकवली, सर, उलटं झालं. दोन मिनिटांत निस्तरलं, कुणाला पत्ता लागला नाही. त्या दिवसापासून ती शेजारी नसली की मी मोठा सौदा उद्यावर ढकलायचो. खरं सांगायचं तर तिथंच तिचं नशीब फुटलं. दर मार्चमध्ये मी तिच्या शिफारशीच्या कागदावर लिहायचो, 'अजून एक वर्ष थांबावं.' तिच्यामागून आलेले दोघं डीलर झाले. तिनं एकदाच विचारलं, "सर, माझं काय कमी पडून राह्यलं?" ऑफिसात ती कधी वऱ्हाडी बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. मी धीर धर म्हणालो... आणि चहा मागवला.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दिग्रसला गेलो. बुद्धवंदना झाली, मग रिवाजाप्रमाणे एकेकानं दोन शब्द बोलायचे होते. भावानं माझी ओळख करून दिली, हे ताईचे साहेब, यायनंच तिले पुढं आणलं. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी उठलो, ती कष्टाळू होती म्हणालो आणि खाली बसलो. भेकड कुठला.

निघताना तिची आई मला आतल्या खोलीत घेऊन गेली. टेबलावर व्हिजिटिंग कार्डांचा डबा होता, कार्डं तिथंच दिग्रसला छापून घेतलेली. करुणाच्या नावाखाली 'डीलर' लिहिलं होतं.

"पाहुण्यायले वाटत होती ती हे कार्डं," आई म्हणाली. "तुमी डीलर केलं तिले, सर. लय उपकार झाले."

मी मान डोलावली. एक कार्ड घेतलं, ते अजून पाकिटात आहे. माय, हे ज्या पेपरात छापायला देतोय तो तुमच्या घरी येतो, हे मला ठाऊक आहे. कार्डावरचं खरं आहे. खोटं मी लिहीत होतो, दर मार्चला.