बाही कुठे संपते

मला इतिहास तारखांनी कळत नाही, शिवणीनं कळतो. सिंगापुरात यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल जेवायला क्वचितच रिकामं सापडतं. त्यावर अंगरख्याची बाही नाहीतर बाराबंदीचे बंद पसरलेले असतात. नवरा जहाजावर इंजिनिअर. घरी आला की म्हणतो, "एका वर्कशॉपमधून सुटलो, दुसऱ्यात आलो." म्हणो बापडा. दिवसभर वन-नॉर्थच्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसणाऱ्या बाईनं संध्याकाळी काय करावं, ते तिचं तिला कळतं. आणि माझा हात चांगला आहे, हे सांगायला मी लाजत नाही.

शिकले ती एका जुन्या चोळीकडून. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेली, विटलेल्या खणाची, पुढे गाठ मारायची चोळी. तिची एक बाजू उसवून पाहिली आणि चाटच पडले. गोलाई कुठे नाहीच, सगळे सरळ तुकडे, आणि काखेत एक तिरका चौकोन. त्या चौकोनामुळे चोळी अंगाला घट्ट बसते आणि हात मात्र खुशाल वर जातो. तेव्हापासून माझा नियम ठरला: जुन्यात असेल तस्संच करायचं, आपली अक्कल पाजळायची नाही.

गेल्या वर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळानं मुलींचं लेझीम बसवलं. माझी मुलगी चौदा वर्षांची, शाळेच्या टीममध्ये पोहते. खांदे भरदार, दंड कमावलेले. मंडळानं मागवलेल्या तयार ब्लाउजची बाही तिला चढेचना. दोघीतिघींनी सगळ्यांसमोर ओढून पाहिली, कुणीतरी फिदीफिदी हसलंही. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "आय नॉट गोइंग, लाह," आणि खोलीचं दार लावून घेतलं. महिनाभर ही पोर लिफ्टची वाट बघतानासुद्धा लेझमीची पावलं टाकत होती.

दाराबाहेरूनच म्हणाले, "त्या तयार कपड्याचं काय घेऊन बसलीस? मी शिवते."

ठेवणीतला खण काढला, त्या जुन्या चोळीवरून तुकडे बेतले, काखेतला चौकोन हातानं शिवला. घालून तिनं दोन्ही हात वर केले. कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही. मी आपली स्वतःवरच खूश. ती मात्र आरशात बाहीकडे बघत होती. मग टेबलावरची जुनी चोळी उचलून तिनं आपल्या दंडाशी धरली.

"हिची बाही इथे संपते," ती म्हणाली. बोट दंडाच्या मध्यावर. "माझी एल्बोच्या खाली का?"

"बरी दिसते तशी."

"आणि इतकी लूज? यू ऑल्वेज से कॉपी एक्झॅक्टली, वॉट."

बाही मी लांब आणि सैल कापली होती ती तिचे दंड झाकायला. कुणी सांगितलं नव्हतं, हातानंच परस्पर ठरवलं होतं. ज्या बायकांच्या शिवणीवर मी एवढी भाळले, त्या रोज पाणी ओढायच्या, दळण दळायच्या. त्यांचे दंड काही काडीसारखे नसणार. तरी त्यांची बाही आखूड आणि घट्टच असायची.

"तुलाही ते लपवायचेत?" या वेळी तिनं सगळं मराठीतच विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मंडळातल्या मुली हसल्या तेव्हा आलं नसेल एवढं, आणि ते माझ्यामुळे.

"नाही," मी म्हणाले. "काढ ती चोळी, बाही उसवते. माप नव्यानं घेऊ."

तिनं डोळे पुसले आणि हात पुढे केला. मी दंडाभोवती टेप गुंडाळली, तसा तिनं दंड फुगवला, चांगला टणक, आणि माझ्याकडे बघत राहिली. फुगवलेला दंड मावेल इतकीच मी टेप सैल सोडली आणि त्याच मापाला, जुन्या चोळीइतकीच आखूड बाही कापली.