फिटरकाका आणि उरकाचा मॅनेजर

फिटरकाका संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचत. इंग्रजी ओळीतलं एकेक नाव, चष्मा सावरत, सावकाश. चाकणच्या आमच्या कारखान्यात ते वीस वर्षं खरोखरीचे फिटर होते. लाइनवर संगणक आले तेव्हा साहेबांनी त्यांना आमच्या विभागात आणलं, कारण कुठलं यंत्र कशावर अडतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी लातूरहून आलेला, मारुंजीत खोली घेऊन राहणारा नवा इंजिनिअर. मला त्या वाचनाचं हसू यायचं.

काकांचा सगळा संशय पॅकेज मॅनेजरवर, म्हणजे संगणकात प्रोग्रॅम बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या प्रोग्रॅमवर. "लई उरकाचा गडी हाय ह्यो," ते म्हणत. "एक पाव्हना आन म्हनलं तर धा आनतो, आन जागा पायजे म्हनून घरातलंच मानूस भाईर काढतो." म्हणून नवं काही बसवण्याआधी संगणकात आहे ते सगळं ते जुन्या जॉबकार्डांच्या पाठीवर लिहून ठेवत. अक्षर मात्र देखणं होतं.

एका दुपारी काका जेवायला गेले असताना मी एक किरकोळ प्रोग्रॅम बसवायला घेतला. मॅनेजरने लांबलचक यादी दाखवून परवानगी मागितली. मी न वाचताच हो म्हटलं. लेबलं छापणारा प्रोग्रॅम ज्या जुन्या भागावर चालायचा, तो काढून टाकणार असं त्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं. दहा मिनिटांत छपाई बंद. लेबलाशिवाय माल गेटबाहेर जात नाही; गाड्या खोळंबल्या. मी प्रोबेशनवर होतो. काका जेवून परत येताच मी त्यांना गाठलं.

"काका, आपोआप झालं म्हणून सांगू का?"

"इचारलं व्हतं न्हवं त्यानं?" काका एवढंच म्हणाले. मग कार्डं काढून एकेक भाग माझ्याकडूनच परत बसवून घेतला. संध्याकाळी लेबलं सुरू झाली. काका एकटेच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "घरी जा. उद्या येळेवर ये." माझी नोकरी टिकली. साहेब दिलदार आहेत, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो.

सहा महिन्यांनी काका निवृत्त झाले. त्यांना पुढे दोन वर्षं ठेवून घेणार असं सगळेच धरून चालले होते. तसं काही झालं नाही. एका रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. चहा देताना काकू सहज म्हणाल्या, "तुमीच न्हवं का ते लेबलवाले? 'माझ्या हाताखालचा हाय, चूक माझी धरा,' असं सायबाला सांगून आले हे. म्हनून तर पुढची दोन वर्सं ऱ्हायली."

कप हातातच राहिला. "काका, मला सांगायचं तरी!"

काका ओट्यावर मेथी निवडत होते. "सांगितलं असतं तर मला बगून रोज मान खाली घातली असतीस. मग शिकला कवा असतास?"

मला रडू आवरलं नाही. काकांनी काही पाहिलंच नाही असं दाखवत मेथीची आणखी एक जुडी सोडली.