चमकीवाली

सोनईच्या लिडियाला आपलं काम कुणाला समजावून सांगायचं म्हणजे संकटच वाटे. "घरी बसून लॅपटॉपवर शिरा रंगवते," असं ती म्हणे, आणि ऐकणारा तिच्या आईकडे बघे, पोरगी बी.एस्सी. झाली ती याच्यासाठी का! पण काम खरंच तेवढं होतं. डोक्याच्या स्कॅनमधल्या रक्तवाहिन्या कॉम्प्युटरने आपोआप ओळखाव्यात, म्हणून पुण्याची एक कंपनी त्याला शिकवत होती. कॉम्प्युटर आधी आपल्या मनाने लाल रंग भरी. मग कुठे तो हाडात घुसला, कुठे बारीक शीर विसरला, ते लिडिया दुरुस्त करी. अर्धवट हुशाराच्या मागे निस्तरायला कुणीतरी लागतंच.

नियम एकच, पण कडक. शिरा रंगवायच्या, आजार शोधायचा नाही. स्कॅनवर नाव नाही, गाव नाही, नुसता एक क्रमांक. लिडियाला ते बरंच वाटे. तिचे वडील, कृपादान गुरुजी, डोक्यातली शीर फुटून अंगणातच गेले होते. नाव नसलेल्या डोक्यांकडे बघणं त्यातल्या त्यात सोपं.

एका सकाळी उघडलेल्या स्कॅनमध्ये नाकाच्या बाजूला पांढराशुभ्र ठिपका चमकला. चमकी! लग्नात घातलेली चमकी इतक्या वर्षांनी कुठली निघते? स्कॅनआधी ती काढायला साबण लावून लावून नर्स दमली असेल. लिडियाला हसू आलं. मग ती शिरांमागे आत आत गेली, आणि एका शिरेच्या दोन होतात त्या फाट्यावर तिला मटारएवढा फुगा दिसला. कॉम्प्युटरने तोही शीर समजून छान लाल करून टाकला होता. त्याचं चुकलंही नव्हतं, रक्त तिथेही होतंच. पण फुगलेली शीर कधीही फुटू शकते, हे गुरुजींच्या लेकीला कुणी सांगायला नको होतं.

तिने पुण्याच्या हर्षल सरांना लगेच मेसेज केला, या बाईंना कुणीतरी कळवा. सर माणूस चांगला. "वर विचारतो," म्हणाले. वर म्हणजे कुठे, हे त्यांनाही माहीत नसावं. दिवसामागून दिवस गेले. त्या क्रमांकावरून ना गाव कळत होतं, ना घर. लिडियाला जेवण जाईना.

त्यांच्या चर्चमध्ये रविवारी आजाऱ्यांचं नाव घेऊन प्रार्थना होते. लिडिया उठून उभी राहिली.

"कोणासाठी?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"एक बाई आहे. नाव माहीत नाही. नाकात चमकी आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या झुंबरबाईंनी वळून असं काही पाहिलं की हसणाऱ्याची बोलतीच बंद झाली.

"देवाला ठाव हाय की, कोनची ती," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून चमकीवाली झुंबरबाईंचीच झाली. रोजच्या प्रार्थनेत लेकाआधी, नातवंडांआधी ती. रस्त्यात भेटल्या की विचारत, "कळलं का गं काय?" "अजून न्हाई, मावशी," लिडिया म्हणे.

मग एका दुपारी हर्षल सरांचा फोन आला.

"लिडिया, ही सगळी स्कॅन जुनी आहेत. ते तर नऊ वर्षांपूर्वीचं. कुठल्या हॉस्पिटलचं हेही आता काढता येणार नाही, ओळख कायमची पुसलेली असते. डॉक्टरांनी तेव्हाच पाहिलं असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पाहिलं असेल! लिडियाला संताप आला, पण तो काढायचा कुणावर? वाईट कुणीच वागलं नव्हतं. फुगा आज फुटेल की उद्या, म्हणून ती इकडे झुरत होती, आणि लिडिया शाळेत होती तेव्हाच त्या बाईचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढच्या रविवारी चर्चच्या दारातच झुंबरबाईंनी तिला गाठलं.

"कशी हाय गं आपली चमकीवाली?"

बरी आहे म्हणून सांगायचं, असं लिडियाने ठरवलं होतं. तोंड उघडल्यावर जमलं नाही.

"तो फोटो नऊ वर्सांपूर्वीचा निघाला, मावशी."

"म्हंजी, गेली ती?"

"ठाव न्हाई."

"मग बरी झाली आसंल."

"ते बी ठाव न्हाई. आता कुनालाच कळायचं न्हाई."

झुंबरबाई पायरीवर बसल्या. लिडियाचा हात त्यांनी सोडला नव्हता.

"आगं, मी तिच्यासाठी रोज मागती," त्या म्हणाल्या. "आता काय मागू?"