दहा महिन्यांनी दहावं

कुवेतमधल्या खैतानच्या त्या खोलीत सहा माणसं राहायची आणि दाढी होती एकट्या पुंडलिक गोताडला. तीही साधी नव्हे, पार छातीवर रुळणारी. हौसेनं ठेवलेली नव्हती. बाप गेल्याचा फोन आला त्या दिवसापासून, म्हणजे शहाण्णवच्या फेब्रुवारीपासून, त्यानं गालाला पातं लावलं नव्हतं. डिसेंबर सरत आला तरी नाही.

"पुंड्या, आता बस कर रं," जगन्नाथ जेवताना म्हणायचा. जगन्नाथही गोताडच, संगमेश्वर तालुक्यातल्या त्याच्याच भावकीतला आणि खोलीत सगळ्यांत थोरला. "दहा दिवसांचं सुतक, तू दहा म्हयनं धरलंस. परवा खालचा दुकानदार मना इचारतो, तुमच्या खोलीत मौलवी ऱ्हायला आलाय काय म्हनून."

"इचारू दे."

"दहावंच घालायचं तर हितं घाल. कावळा तेवढा मिळायचा नाय. कावळ्याला व्हिसा कोन देनार?"

खोली हसायची. पुंडलिक हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. ताटातलं गोड तेवढं बाजूला सारायचा. कोपऱ्यातल्या देवाच्या फळीला हात लावायचा नाही. भिंतीला टांगलेला मृदंग त्याचा. दर गणपतीत सुट्टीच्या दिवशी त्याच्या थापेवर जाखडीचा फेर धरला जायचा. यंदा तो मृदंग खोळीतून बाहेर निघाला नव्हता.

पुंडलिकच्या कुंडवाडीत डोंगराच्या पायथ्याशी कढत पाण्याचं कुंड आहे. बाप गेला की दहाव्या दिवशी मुलानं त्या पाण्यात गळ्याइतकं उतरायचं, तिथंच काठावर दाढी करायची, आणि वस्तरा धरायचा तो भावकीबाहेरच्या माणसानं. मग त्याच माणसानं "सुटलास" म्हणायचं. ते म्हटलं की सुतक फिटलं. तोवर घरात हळद नाही, मांडव नाही, असा वाडीचा रिवाज.

पुंडलिकचा बाप जयराम दरसाल कुंडातलं शेवाळ काढायचा. त्याचे पाय त्या गंधकाच्या पाण्यानं पिवळे पडले होते. पुंडलिक पहिल्यांदा कुवेतला निघाला तेव्हा बापानं त्याला काठावर बसवून पाण्यात हात घालायला लावला. "मी गेलो नि तू हितं नसलास तर घाय करू नको," म्हणाला. "पन गरम पान्यात उतरल्याबिगर मना सोडू नको. मोरीतल्या पान्यानं भागायचं नाय. जमिनीतनं आल्यालं पायजे."

"व्हय बाबा," पुंडलिक म्हणाला होता. तेव्हा त्याचं वय सव्वीस. बाप मरेल हे खरंच वाटत नव्हतं.

बाप गेला तेव्हा पुंडलिकचा पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, शिक्क्यासाठी सरकारी ऑफिसात अडकला होता. हातात आला अठराव्या दिवशी. मग कंपनीनं सांगितलं, आता काम संपलं की जा, दीड वर्षानं. गावच्या भटजींनी फोनवर तोड काढली, बादलीत गंगाजल टाकून आंघोळ करा, चालतंय. पुंडलिकनं ऐकून घेतलं आणि बादलीत पाय घातला नाही.

इथपर्यंत त्याचं त्याच्यापाशी होतं. पण दिवाळीनंतर लेकीला, योगिनीला, स्थळ आलं. मुलगा देवरूखच्या एसटी डेपोत मेकॅनिक, माणसं नीट, पोरीलाही पसंत. घरातलं माणूस गेल्यावर वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, आणि मुलाकडची माणसं तीन वर्षं थांबणार नव्हती. वर्षाच्या आत कुंडावर पोचणं पुंडलिकला शक्य नव्हतं.

मागच्या शुक्रवारी बायकोनं, नर्मदानं, वाडीतल्या दुकानातून फोनवर बजावलं होतं, "पुढल्या शुक्रवारी बारा वाजता मी हितं येऊन बसतंय. व्हय तर व्हय म्हना, नाय तर नाय. मना त्यास्नी उत्तर द्यायचंय."

"पन माजं सुतक..."

"तुमचं सुतक! पोरीचं वय थांबलंय काय तुमच्या सुतकासाठी?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. फिटलं म्हणून सांगितलं असतं तर कुणी तपासायला आलं नसतं. विचारणारा बापच उरला नव्हता, आणि पुंडलिकची अडचण नेमकी तीच होती.

गुरुवारी त्याला अब्दलीला धाडलं. अब्दली म्हणजे कुवेतचं उत्तरेचं टोक, इराकच्या हद्दीलगतचे मळे. काकड्या-टोमॅटोच्या एका मळ्याचा बोअरचा पंप बसला होता. पुंडलिक पंपाचा फिटर. गाडी झहूरची. झहूर पाकिस्तानातल्या स्वातचा पठाण, पन्नाशीचा, दाढी मेंदीनं लाल केलेली. आठ वर्षं दोघं एका पिकअपमध्ये शेजारी बसत होते. बोलणं सगळं रस्त्याचं आणि पंपाचं. सुतकाचं पुंडलिकनं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मुसलमान माणूस, त्याला काय कळणार, म्हणून. झहूरनंही दाढीबद्दल कधी विचारलं नव्हतं. माणसानं दाढी ठेवली, यात विचारण्यासारखं त्याला काही वाटलं नव्हतं.

पंप वर काढून, गाळ उपसून, परत सोडीपर्यंत संध्याकाळ झाली. मुक्काम मळ्यावरच. भात शिजत असताना झहूर म्हणाला, "कल जुमा है। सवेरे जल्दी निकलेंगे। तेरा फोन है ना घर पे?"

काय झालं कुणास ठाऊक, पुंडलिकनं सगळं सांगून टाकलं. मोडक्या हिंदीत, बाप, कुंड, योगिनी, दुकानातला फोन. झहूर लाकडं सारत ऐकत राहिला. संपल्यावर त्यानं विचारलं, "पानी गरम होना मांगता? और ज़मीन का?"

"हां. नळाका नहीं चलेगा."

"दस महीने से मेरे बाजू में बैठा है," झहूर म्हणाला, "और आज बोलता है।" त्याच्या आवाजात राग होता. जेवण झाल्यावर एवढंच म्हणाला, "जंग से पहले एक जगह देखी थी। अब है कि नहीं, अल्लाह जाने।"

शुक्रवारी पहाटेची नमाज झाली आणि गाडी निघाली. थंडी अशी, की स्टिअरिंगला हात चिकटावेत. डांबरी रस्त्यानं अर्धा तास आल्यावर झहूरनं गाडी पश्चिमेला वाळूत घातली. मेंढपाळांच्या गाड्यांची एक चाकोरी आत गेली होती. झहूर त्या चाकोरीबाहेर टायरची कडही जाऊ देत नव्हता.

"माइन," तो म्हणाला. म्हणजे युद्धातले सुरुंग. "पाँच साल में सब निकाला बोलते हैं। मैं बोलनेवालों का भरोसा नहीं करता। उतरेगा तो मेरे पाँव पे पाँव रखना।"

आजूबाजूला बघावं तर जमीन काळी. एक्क्याण्णवच्या युद्धात जळलेल्या विहिरींचं तेल वाळूवर पडून त्याची डांबरासारखी खपली धरलेली. लांबवर गंजलेला एक लष्करी ट्रक, चाकांवाचून. झाड नाही, झुडूप नाही. कोकणातल्या माणसाला असल्या जमिनीकडे बघवत नाही. बारा वर्षं झाली तरी पुंडलिकला बघवत नव्हतं. इथं कसलं आलंय पाणी, असं मनात म्हणत होता, तोच सूर्य वर आला आणि झहूरनं बोट केलं.

समोरच्या लहानशा टेकाडाच्या आडून धूर निघत होता. पांढरा. हलत होता, पण जळत्या वस्तूचा धूर असा हलत नाही. तो जमिनीलगतच घोटाळत होता.

पुंडलिकनं खिडकीची काच खाली केली. आणि वास आला.

तोच वास. सडक्या अंड्यासारखा म्हणावा तर तसा, पण कुंडवाडीच्या पोराला तो कधी घाण वाटत नाही. बापाच्या धोतराचा वास. शाळेतून येताना दप्तर काठावर टाकून मारलेल्या उड्यांचा वास. पुंडलिकच्या अंगावर काटा आला. तो गाडीतून उतरला. झहूरच्या बुटांच्या ठशांवर आपले बूट ठेवत तो मागोमाग गेला.

टेकाडाच्या पायाशी खळगा होता, दोन बैलगाड्या मावतील एवढा. मेंढपाळांनी दगड लावून काठ केला होता. पाणी हिरवट, आणि मधोमध तळातून बुडबुड्यांची माळ वर येत होती. काठाच्या दगडांवर पिवळी साय धरलेली. पुंडलिक ती साय बघत राहिला. ती त्यानं बापाच्या नखांत बघितली होती.

"ले," झहूर म्हणाला. "तेरा पानी।"

पण पुंडलिक फिटर होता. बारा वर्षं त्यानं या देशात जमिनीतून पाणी वर आणलं होतं, आणि इथं वर येणाऱ्या पाण्यामागे कुठंतरी लोखंड असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो गुडघ्यावर बसला, तळवा जमिनीला लावला. पंपाचं पाणी ठोक्यावर येतं. कितीही लांब पंप असो, हाताला त्याची धाप लागते. इथं धाप नव्हती. तरी त्याचं समाधान होईना. काठाकाठानं तो वाळू उकरत गेला, आणि चौथ्या ठिकाणी बोटं टणकन आपटली.

पाइप. चांगला आठ इंची, गंजून काळा झालेला, बोअरचा.

पुंडलिक तिथंच फतकल मारून बसला. म्हणजे कुणीतरी कधीतरी तेल शोधायला भोक पाडलं होतं आणि पाणी लागलं म्हणून सोडून गेलं होतं. माणसानं काढलेलं पाणी. मग मोरीतल्यात आणि यात फरक काय?

"क्या हुआ?"

"पाइप है."

"तो?"

"तो नहीं चलेगा, झहूरभाई. आदमी का है."

झहूरनं कपाळाला हात लावला. मग वाकून पाइपच्या तोंडातली वाळू बोटानं काढायला लागला. वीतभर काढल्यावर खाली सिमेंट लागलं. गच्च भरलेलं. पुंडलिकनं झटकन पुढं होऊन सिमेंटावर हात ठेवला. कोरडं. वर नखानं खरवडलं, पाइपच्या कडेनं ओल चाचपली. कुठं थेंब नव्हता. सिमेंट थंडगार होतं, लोखंड थंडगार होतं, आणि तिथून सात-आठ हातांवर उघड्या जमिनीतून कढत पाणी वर येत होतं.

बुजवलं होतं त्यांनी. पाणी लागलं, नको होतं, म्हणून बूच मारून गेले. आणि त्या पाण्यानं बाजूची जमीन फोडून वर यायची वाट स्वतः काढली. किती वर्षं ते असं येत असेल? वर रणगाडे फिरले, विहिरी पेटल्या, आभाळ काळं झालं, तेलाची खपली धरली, आणि हे आपलं खालून येतंच होतं. बघायला कुणी नाही, शेवाळ काढायला कुणी नाही. बापाचं कुंड आणि हे, दोन्हींच्या खाली एकच चूल असणार, पुंडलिकला वाटलं. समुद्राच्या तळाखालून एवढ्या लांबवर कुणी ती पेटती ठेवली असेल? त्यानं काठाला दोन्ही हात टेकून डोकं खाली लावलं. झहूरनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग पुंडलिक कपडे उतरवून चड्डीवर पाण्यात गेला. आधी पोटऱ्या पोळल्या, मग मांड्या. तळाशी बसल्यावर पाणी बरोबर गळ्याला लागलं. बाहेर वारा कान कापत होता आणि आत हाडांपर्यंत ऊब शिरत होती. "बाबा," तो म्हणाला. डोळ्यांतलं पाणी त्या पाण्यात गेलं, ते वेगळं कळायचं कारण नव्हतं.

"झहूरभाई, तुम्हारा उस्तरा है?"

झहूरच्या गाडीच्या कप्प्यात वस्तरा असायचा. गळ्याकडची दाढी तो रोज सारखी करायचा. तो घेऊन आला आणि हातात धरून उभा राहिला. "पूरी निकालूँ? सुन, इतनी अच्छी दाढ़ी मैंने आज तक किसी की नहीं काटी। मुझे गुनाह लगेगा।"

"तुमकोच निकालना पड़ेगा. घर का आदमी नहीं चलता."

"मैं घर का नहीं?"

झहूर हसला, काठावर उकिडवा बसला, आणि त्याची हनुवटी धरून वर केली. त्याच पाण्यानं दाढी भिजवली. हात जड होता पण सरळ चालला. काळेपांढरे पुंजके पाण्यावर तरंगले, काठाला लागले. दोन ठिकाणी कापलं. गंधक लागून झणझणलं.

"अब बोलो, सुटलास."

"वो क्या?"

"मतलब, छूट गया."

"तो ऐसा बोल ना।" झहूरनं वस्तरा बुडवून धुतला, मिटला, खिशात घातला. उभा राहिला. डोक्यावरची टोपी सारखी केली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो मक्केच्या दिशेला तोंड करून दोन्ही तळहात समोर धरून थोडा वेळ ओठांत काही म्हणाला. मग पुंडलिककडे वळून मोठ्यानं म्हणाला, "जा पुंडलिक। छूट गया तू। तेरा बाप भी।"

वाटेवरच्या जहरा गावापाशी येऊन फोनचं खोकं गाठलं तेव्हा साडेनऊला दोन मिनिटं होती, म्हणजे वाडीत बारा वाजत आले होते. दुसऱ्याच घंटीला नर्मदानं उचललं.

"बोला."

"हळद दळायला घे," पुंडलिक म्हणाला.

तिनं रिसीव्हर तोंडापासून लांब न नेताच कुणाला तरी हाक मारली, "योगे! अगं ये योगे, हिकडं ये!" पुंडलिकचा कान बधिर झाला. मग ती पुन्हा फोनवर आली. आवाज बदललेला. "फिटलं?"

"फिटलं."

"कुठं? हितं कधी आलाव तुमी? पानी कुठलं?"

काय सांगायचं? त्यानं काचेतून बाहेर बघितलं. झहूर गाडीला टेकून कडक चहा पीत होता, दुसरा पेला बॉनेटवर ठेवला होता. "लांब हाय," पुंडलिक म्हणाला. "लांब, वाळूत. बाबांच्या कुंडावानी. आलो की सांगतो."

"आनि वस्तरा कुनी धरला? जगन्नाथभावजी तर भावकीतलं."

"झहूरनं."

"न्हावी हाय?"

"नाय गं. डायवर."

नर्मदा हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि तेवढ्यात तिच्या हातून फोन कुणीतरी घेतला. "बाबा?" योगिनी म्हणाली. पुंडलिकनं उत्तर द्यायच्या आधी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. पहिल्या हाताला अजून कुंडाचा तो वास येत होता. तो हात त्यानं नाकाशी धरला आणि म्हणाला, "बोल योगे."