वाघाच्या झऱ्याचं पाणी

पाण्याला नावं ठेवण्यात माझ्या चुलतदिरांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही, आणि असा माणूस राहायला आला तो कुवेतला, जिथे तेव्हा प्यायचं पाणी बसऱ्याकडून होडीने यायचं. तरुणपणी ते बोटीवर खलाशी होते. बोट शांघायला दुरुस्तीला लागली तेव्हा कुणा चहावाल्याने त्यांना जवळच्या हांगचौ शहरातला जुना झरा दाखवला. तो वाघांनी पंजांनी उकरला म्हणे. त्या पाण्याने वाटी काठोकाठ भरून आत नाणी सोडली, तरी पाणी वर फुगतं, सांडत नाही. तेव्हापासून कुणीही पेला पुढे केला की दिरांचा हात खिशात जायचा. नाणी टाकून टाकून माझ्या मिरकाब मोहल्ल्यातल्या घरातल्या सगळ्या सतरंज्या त्यांनी भिजवल्या. "भाभी, ह्याला होडीचा वास येतो." पुढे समुद्राचं पाणी गोड करायचा कारखाना झाला, तर म्हणाले, "हे मेलेलं पाणी." "मग तहानेने तुम्हीही मरा," मी म्हणायचे. हसून पेला संपवायचे.

त्या झऱ्याची एक बाटली त्यांनी लाखेने बंद करून माझ्या घरी ठेवली होती, बायकोसाठी. माझी जाऊ दाभोळकडे गावी. जन्मभर तिने मचूळ विहिरीचं पाणी ओढलं. एकदा तरी तिला हे पाणी पाजायचं, एवढीच त्यांची हौस. शेवटी ती आली ती आजारी होऊन, इथल्या डॉक्टरांना दाखवायला. ती येणार म्हणून मी घर घासायला काढलं. बाटलीच्या तळाशी शेवाळ दिसलं. आजारी बाईला हे पाजायचं? मी लाख फोडली, पाणी मोरीत ओतलं, बाटली राखेने घासली आणि टाकीचं पाणी भरलं. दिरांना सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून वरून पुन्हा लाख लावली.

ती आली त्या दिवशी दिरांनी पेला तीनदा धुतला. आधी स्वतः घोट घेतला आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग पेला तिच्या ओठांना लावला.

"गोड हाय," जाऊ म्हणाली. "चीनचंच ना?"

"तिथलंच."

"नाणी टाकून दावा ना."

"थेंब कशाला वाया घालवू? पी तू."

दोन महिन्यांनी ती गेली. तिला इथल्याच वाळूत ठेवली. दीर त्यानंतरही दर शुक्रवारी जेवायला यायचे. देईन ते पाणी मुकाट्याने प्यायचे. नाणी खिशातच वाजायची. एकदा न राहवून मीच म्हटलं, "टाका आज नाणी. सतरंजी गुंडाळून ठेवलीय."

"कशाला, भाभी," ते म्हणाले, "पाणी चांगलं हाय."