प्लूटोचे चंद्र आणि पाहुणे
कोथिंबिरीची सांबारवडी तळल्याचा वास आला की मुलीला पाहायला पाहुणे आले होते ती दुपार आठवते. नागपूरचं ऊन, कूलरची घरघर, ओल्या खसचा वास आणि वड्यांची ताटली घेऊन उभी असलेली माझी मुलगी. प्लूटोच्या चंद्रांवर संशोधन करायला तिला पुण्यात प्रवेश मिळाला होता. मुलाच्या आईनं विचारलं, "काय वं पोरी, हे तुझे चंद्र पत्रिकेत कोणत्या घरात बसून राहिले?" मुलगी हसली. "ते पत्रिकेत नसतात, काकू. पाच आहेत. त्यातले लहान असे गडगडत फिरतात, की तिथं सूर्य कोणत्या बाजूनं उगवेल याचा नेम नाही." "मग आमच्या घरी चहाचाही नेम नाही राहणार!" मुलाचे वडील म्हणाले. सगळे हसले, पण मुलाच्या आईनं अर्धी वडी ताटलीत परत ठेवली. स्थळ हातचं जाईल या भीतीनं मी घाईघाईत म्हणालो, "नाही जी, पुण्याचं तर तिनंच सोडून दिलं." तिनं काहीच सोडलं नव्हतं, तिची बॅगसुद्धा भरून झाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत मला खोटं पाडणं तिच्यानं झालं नाही. "हो," ती म्हणाली, "सोडलं मी." लग्न तिथंच ठरलं, आणि त्यानंतर तिनं त्या चंद्रांचं कधी नावही काढलं नाही. गेल्या आठवड्यात मुलीच्या तेरवीला, तेराव्या दिवसाच्या जेवणाला, विहीणबाई जमलेल्या बायकांना सांगत होत्या, "शिक्षण तिनं आपल्या मनानंच सोडलं होतं जी. विचारा तिच्या बाबाले." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली.