रंगून ते एरंडोल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बातमी लिहिताना जसं ठिकाण आणि वेळ आधी द्यायची, तसंच लिहितो – नाहीतर हात मागे येईल.

जळगाव. वैशाख. सकाळचे नऊ. रंगूनहून कलकत्त्याला विमानं सुरू होऊन काही वर्षं झाली होती. मी एका छोट्या वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. शेजारी बर्फाचा कारखाना. एरंडोलचे एक नाना, मुलाची पत्रं माझ्याकडून वाचून घेणारे, बर्फ न्यायला आले आणि आधी आमच्या दारात थांबले. पहाटे त्यांची बायको गेली होती. मुलगा रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून. आई अत्यवस्थ असल्याची तार त्याला आदल्या दिवशी गेलेली. त्याचं उत्तर नानांच्या मुठीत होतं – आज विमानाने निघतो. तो येईपर्यंत तिला बर्फावर ठेवायचं होतं.

"भाऊ, रंगूनतीन याले कितला येळ लागस? तुम्ही पेपरवाला, तुम्हले बठ्ठं ठाऊक शे. तितलाच बरफ लेतस."

ठाऊक नाही, असं म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण खोलीत जाहिरात द्यायला आलेले तिघे ऐकत होते. मी भिंतीवरच्या नकाशावर सुतळी धरली – साडेसहाशे मैल, चार तास, कलकत्ता. पुढे मेल गाडी. ठणकावून सांगितलं, "परवाच्या आत नाही."

नानांनी मुठीतली तार घडी करून खिशात टाकली. "मंग बरफ कसाले लेऊ?" रिकामं पोतं खांद्यावर टाकून ते मोटारस्टँडकडे गेले. दोन रात्री त्या उन्हाळ्यात कोण ठेवणार? संध्याकाळी अग्नी दिला.

मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता घरी पोचला. कलकत्त्याहून नागपूरला रात्री टपालाचं विमान येतं, त्यात उतारूही घेतात. तिथून सकाळची गाडी. हे मला ठाऊक नव्हतं? ती बातमी मीच भाषांतर करून छापली होती. फाईल काढून पाहिली – अक्षर न् अक्षर माझं. आणि तरीही –

चूक कुणाकडूनही होते. मी इथे चूक सांगायला बसलेलो नाही.

दहावं झाल्यावर बाप-लेक कचेरीत आले. मुलाने शांतपणे विचारलं, "परवा कोण म्हणालं?" संपादक पाहत होते. बातमीची फाईल माझ्याच टेबलावर होती. मी म्हणालो, "मी उद्या म्हणालो होतो. नानांनी परवा ऐकलं असेल. अशा वेळी होतं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग लेकाला म्हणाले, "मन्हाच ऐकामा चूक व्हयनी व्हई."

मुलगा बापाला एवढंच म्हणाला, "एक रात्र. एक रात्र थांबता आलं नाही तुम्हाला." तो रंगूनला परतला. पुढे नाना पत्र वाचून घ्यायला कधी आले नाहीत. पत्रच येत नव्हतं, हे मला पोस्टमनकडून कळलं. बाजाराच्या दिवशी रस्त्यात भेटले, की तेच आधी म्हणायचे, "राम राम, भाऊ."

ते वारले तेव्हाही मी गप्प होतो.

मी "परवा" म्हणालो होतो. नानांनी बरोबर ऐकलं होतं.